चढताना कान मोकळे, बसल्यावर गोष्ट

नमस्कार,

मी बदलापूरला राहते, नोकरी फोर्टात, हिशेब खात्यात. जाताना दीड तास, येताना दीड तास. लग्नाआधी मी खूप वाचायचे. आता रात्री पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानाला डोळे मिटतात. भावाने वाढदिवसाला ऑडिओबुकच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरून दिली. मी हौसेने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी लावली. तीन महिने झाले, स्वारी अजून गडावरून निघालेली नाही. कोण कोणाचा सरदार ते लक्षात राहत नाही, ठाण्याच्या आसपास डुलकी लागते आणि जाग येते तेव्हा गोष्ट दोन प्रकरणं पुढे गेलेली असते. मध्ये एक रहस्यकथा लावली, एक श्रीमंत व्हायचं पुस्तक लावलं. सगळी अर्धवट. ऐकलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

दुसरी अडचण म्हणजे परतीच्या गाडीत आमचा सहाजणींचा जुना ग्रुप आहे. मी कानात घालून बसायला लागल्यापासून ‘फार शिष्ट झालीस गं’ असं एकीने तोंडावर ऐकवलं. मला वाईट वाटलं. तर काय ऐकू, कधी ऐकू, आणि याला वाचन म्हणायचं की भावाचे पैसे वाया गेले?

— ‘कानात बोळे’, बदलापूर

ता. क. हे टोपणनाव सासूबाईंनी ठेवलंय. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनाही काही लावून द्यावं का?

*

बोळेताई,

ती कादंबरी आजच बंद करा. वाईट आहे म्हणून नव्हे, चांगलीच असेल. पण ती डोळ्यांसाठी लिहिलेली आहे आणि तुम्ही ती धक्के खात, एका हाताने कडी धरून, कानाने वाचायला बघताय. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची पहिली शंभर पानं म्हणजे माणसांची वर्दळ असते. एकाच माणसाला लेखक एकदा नावाने हाक मारतो, एकदा आडनावाने, एकदा हुद्द्याने, आणि दरबारात पोचल्यावर किताबाने. छापील पुस्तकात आपण नकळत चार पानं मागे जातो, वंशावळ बघतो, नकाशा असला तर बोट ठेवतो. कानाला ही सोय नाही. मागे जायचं बटण आहे, पण कुर्ल्याला लोंढा आत घुसत असताना ते दाबायला हात कुठे मोकळा असतो? ती कादंबरी दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा, जमलं तर छापील प्रत शेजारी घेऊन ऐका. मग सरदार आपोआप ओळखीचे होतील.

माणसं ऑडिओबुक निवडतात ती नावाजलेल्या पुस्तकांच्या यादीतून. लोकलने जाणाऱ्याने आधी आपला प्रवास बघावा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, पण तो एकसलग प्रवास नाहीच. कल्याणपर्यंत गाडी प्रत्येक स्टेशनाला थांबते आणि भरत जाते. डोंबिवलीला काय होतं ते मी सांगायला नको. मीही तिथूनच चढायचे, त्यामुळे तुमच्या शिव्यांत माझा वाटा होता. ठाण्यानंतर फास्ट गाडी जरा पळते. दादरला निम्मा डबा रिकामा होतो आणि भायखळ्यानंतर श्वास घेता येतो. या प्रत्येक टप्प्याला ऐकण्याची ताकद वेगळी असते.

त्यातही पहिली दहा-पंधरा मिनिटं कान मोकळेच ठेवा. लेडीज डब्यात सीट तोंडाने मिळते हे तुम्ही विसरलेल्या दिसताय. ‘ठाणा कोण? घाटकोपर कोण?’ हा, कोण कुठे उतरणार ते विचारणारा पुकारा कानावर पडला नाही तर समोरची ठाण्याला उठते आणि तिची जागा तुमच्यानंतर चढलेल्या बाईला जाते, कारण तिने विचारलं आणि तुमच्या कानात तेव्हा महाराज बोलत होते. आधी नंबर लावा, सीट पक्की करा, मग गोष्ट सुरू करा. ऑडिओबुकवाल्यांचा अर्धा वैताग या एका क्रमाने जातो.

आता काय ऐकायचं.

सुरुवात कथेपासून करा, कादंबरीपासून नको. वीस ते चाळीस मिनिटांची एक कथा म्हणजे सीट मिळाल्यापासून दादरपर्यंतचा हिशोब बरोबर बसतो. आणि कानाने कथा ऐकायची सवय आपल्या लोकांना कोणत्याही ॲपच्या आधीपासून आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावच्या मंचांवर कथाकथन करून हजारोंना खुर्चीला खिळवलं. पु. ल. देशपांड्यांनी स्वतः सादर केलेल्या व्यक्तिचित्रांच्या कॅसेटी कित्येक घरांत पाठ होईपर्यंत वाजल्या. ही मंडळी लिहितानाच बोलत होती. त्यांच्या वाक्यात श्वास घ्यायची जागा असते, पात्र तोंड उघडताच ओळखू येतं, आणि एखादं वाक्य ‘पुढील स्टेशन’च्या घोषणेत बुडालं तरी गोष्ट बुडत नाही. गर्दीतल्या श्रोत्याला यापेक्षा जास्त काय हवं? एकच सावधगिरी: विनोदी कथा ऐकताना तुम्ही मोठ्याने हसणार, आणि शेजारच्या बाईला वाटणार की तिच्या साडीला हसलात. एका कानातलं काढून ‘गोष्ट ऐकतेय हो’ म्हणालात की काम भागतं. कधीकधी ओळखही होते.

कथेत रुळलात की आत्मकथनाकडे या. माझं मत विचाराल तर लोकलसाठी याहून चांगला प्रकार नाही. एकच माणूस बोलत असतो, तो ‘मी’ म्हणतो, आणि आपण त्याच्या शेजारी बसून ऐकतोय असं वाटतं. डुलकी लागली तरी जाग आल्यावर बोलणारी तीच असते, फक्त आयुष्यात थोडी पुढे सरकलेली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. पहिला भाग १९३४ साली आला, पण भाषा अशी की आजी ओट्यावर बसून सांगतेय. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, नवरा कवी आणि तऱ्हेवाईक, त्याने धर्म बदलला, संसार उधळला, पुन्हा जुळला, आणि हे सगळं सांगताना ती स्वतःलाच हसते. हे पुस्तक मी कागदावर आधी वाचलं होतं, पण त्यातला मिश्किलपणा खरा कळला तो ऐकताना.

‘मी’च्या निवेदनाचा हाच फायदा काही कादंबऱ्यांनाही मिळतो. तुम्हाला पुराणकाळाची, इतिहासाची ओढ आहे हे दिसतंच आहे. मग शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ लावून बघा. १९६७ची कादंबरी, आकाराने तुमच्या त्या कादंबरीपेक्षा लहान नाही. पण ती कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण अशी एकेक माणसं स्वतःच्या तोंडाने सांगतात. शिवाय माणसं महाभारतातली. कोण कोणाचा हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गर्दीत ऐकायला लांबी आड येत नाही, अनोळखी नावांचा ढीग आड येतो.

रहस्यकथेचं तुमचं का फिसकटलं ते पत्रात नाही, पण अंदाज करता येतो. रहस्यकथा दोन जातींच्या. एकीत ‘खून कोणी केला’ हे शोधायचं असतं, त्यासाठी चौथ्या प्रकरणातला फुटका कप आणि अकराव्या प्रकरणातलं बंद घड्याळ लक्षात ठेवावं लागतं. ही बसल्या जागी, शांतपणे ऐकायची. दुसरीत ‘आता पुढे काय होणार’ एवढाच प्रश्न असतो. पाठलाग, सुटका, दगाफटका. ही उभ्या उभ्या, घामात, कोणाचं तरी कोपर पाठीत रुतलेलं असतानाही ऐकता येते, आणि डुलकीवरचा हा उत्तम उतारा आहे. सुहास शिरवळकरांसारख्यांच्या वेगवान कादंबऱ्या या कामाला पक्क्या. भयकथा मात्र सकाळच्या गर्दीत फुकट जाते. दोनशे बायकांत भुताला शिरायला जागा कुठली? आणि रात्री उशिरा रिकाम्या डब्यात ती लावू नका. तेव्हा भुतासाठी नाही, माणसांसाठी कान मोकळे हवेत.

श्रीमंत व्हायच्या पुस्तकांबद्दल फार बोलत नाही. त्यांतल्या बऱ्याचशा पुस्तकांत एका पानाचा मजकूर सहा तास सांगितलेला असतो. ऐकायचंच असेल तर वेग सव्वापट करा, काही हरवत नाही. गोष्टीला मात्र वेग वाढवू नका. वाचणाऱ्याने घेतलेला थांबा हाही लेखनाचाच भाग असतो. कविता लोकलमध्ये ऐकू नये असं माझं ठाम मत आहे, पण त्यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

पुस्तकाइतकाच, किंबहुना जास्त, आवाज महत्त्वाचा. उत्तम पुस्तक रटाळ आवाजात संपत नाही आणि मध्यम पुस्तक चांगल्या आवाजात तरून जातं. बहुतेक ॲपवर नमुना ऐकता येतो. तो घरी सोफ्यावर नाही, गाडीत ऐका. घरी मखमली वाटणारा खोल, हळुवार आवाज रुळांच्या खडखडाटात पार विरून जातो. थोडा वरच्या पट्टीतला, स्पष्ट, शब्दाचा शेवट न गिळणारा आवाज गाडीत टिकतो. काही नट पुस्तक वाचत नाहीत, त्यावर प्रयोग करतात: प्रत्येक वाक्याला हुंदका, पाठीमागे सनई. असं दोन दिवसांत नकोसं होतं. आणि हल्ली यंत्राने वाचलेली पुस्तकंही सापडतात. ‘चोर’मधला च आणि ‘चार’मधला च ज्याला सारखाच वाटतो, त्याच्या तोंडून मराठी कादंबरी ऐकणं म्हणजे शिक्षा. नमुन्यात हे एका मिनिटात पकडता येतं.

आता विसरण्याबद्दल, कारण तुमची खरी खंत तीच दिसते. आणि याचं औषध तुमच्या दुसऱ्या अडचणीत दडलेलं आहे.

तुम्ही सकाळी ऐकता, ऑफिसात शिरता, दिवसभर आकडे. संध्याकाळी पुन्हा कानात घालता आणि त्याच्यावर पुढचं रचता. ऐकलेलं एकदाही तोंडाबाहेर पडत नाही. मग राहणार कसं? २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून तो आठवून लिहायला लावला. आठवड्याने बघितलं तर आठवून लिहिलेल्यांच्या जास्त लक्षात होतं. आपल्याकडे आई ‘आज शाळेत काय शिकवलं, सांग बघू’ म्हणायची, ते हेच.

तुमच्याकडे तर सांगायला हक्काच्या पाचजणी आहेत! संध्याकाळची गाडी ग्रुपची. तिथे कानात काहीही नको. तुमच्या मैत्रिणीने शिष्ट म्हटलं ते मला रास्त वाटतं. इतक्या वर्षांच्या सोबतीत एकजण अचानक कान बंद करून बसली तर राग येणारच. त्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाच्या सासऱ्यांचा दवाखाना, सगळं तिथे कळतं. तुम्ही आजारी पडलात तर पहिला फोन त्यांच्यातलीच कोणीतरी करील. ते सोडून गोष्ट ऐकणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तुम्ही तर हिशेब खात्यातल्या.

तेव्हा सकाळी ऐका आणि संध्याकाळी सांगा. मेथी निवडता निवडता म्हणा, ‘अगं आज त्या बाईच्या नवऱ्याने काय केलं ठाऊक आहे?’ नाव, लेखक, परीक्षण काही नको. नुसती गॉसिपसारखी सांगा. लक्ष्मीबाईंचे किस्से तर असे आहेत की ऐकणारीला वाटेल ती बाई तुमच्याच सोसायटीत राहते. सांगताना कुठे अडखळलात ते कळेल, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय पुन्हा ऐकायचं तेही कळेल. दोन दिवस सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी कोणी ‘पुढे काय झालं गं’ विचारलं नाही, तर पुस्तक बदला. ग्रुपला कंटाळवाणं वाटणारं पुस्तक बहुधा तुम्हालाही कंटाळवाणंच वाटत असतं, फक्त कबूल करायचं जिवावर येतं.

आणि ज्या संध्याकाळी अंगात त्राण नसतं, डोकं दुखतं, बोलायची इच्छा नसते, त्या दिवशी सरळ सांगा: ‘आज मी ऐकत पडते, कल्याणला हलवा.’ न सांगता कानात घालणं खुपतं, सांगून घातलेलं कोणी मनावर घेत नाही. एक मात्र करू नका. सगळ्यांनी मिळून ऐकायचं म्हणून फोनचा स्पीकर लावू नका. तुमच्या सहाजणींचा आनंद बाकीच्या डब्याला शिक्षा होतो, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली प्रवाशांना उपद्रव देणाऱ्याला दंडही आहे.

डुलकीचं काय? येऊ द्या की. पहाटे उठून डबे भरणाऱ्या बाईला सकाळच्या गाडीत झोप लागली तर त्यात साहित्याचा अपमान नाही. फक्त ॲपमधला स्लीप टायमर पंधरा मिनिटांवर ठेवा. जागी असाल तर पुन्हा चालू करा. नसाल तर गोष्ट तुमच्यासाठी थांबून राहील आणि शोधाशोध वाचेल.

याला वाचन म्हणायचं का, हा प्रश्न मला फारसा सतावत नाही, पण विचारलाय म्हणून सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही प्रौढांनी एका पुस्तकाचा भाग वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं. किती कळलं हे लगेच आणि दोन आठवड्यांनी तपासलं, तर तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट २०१०च्या एका अभ्यासात अभ्यासक्रमाचा लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तोच पॉडकास्टवर ऐकणारे चाचणीत बरेच मागे पडले. मला यातून एवढंच दिसतं की गोष्ट, चरित्र, प्रवास ऐकायला हरकत नाही. बँकिंगची खात्याअंतर्गत परीक्षा असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. बाकी आपल्या कित्येक पणज्यांनी अख्खा हरिविजय अक्षर न ओळखता ऐकला आणि पाठ म्हटला. त्यांना कोणी विचारलं नाही की याला वाचन म्हणायचं का.

कानांची मात्र काळजी घ्या, हे मी जरा जोर देऊन सांगते. गाडीचा आवाज वाढला की आपण फोनचा आवाज वाढवतो, शेजारणीचं भांडण सुरू झालं की आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. तुम्ही जाता-येता दोन्ही वेळा ऐकलंत तर रोजचे तीन तास होतात, म्हणजे ते चार तास मंगळवारी सकाळीच संपले! म्हणून महागडं नको, पण कानात घट्ट बसणारं, रबरी टोपी असलेलं उपकरण घ्या. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. माझी पसंती नेकबँडला, म्हणजे मानेभोवती अडकवायच्या पट्टीवाल्याला. सुटे इअरबड गर्दीत निसटले की थेट रुळांवर, आणि वायरवाले कोणाच्या तरी पर्सच्या साखळीत अडकून कानासकट ओढले जातात.

फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी. दारात उभ्या असाल तर फोन हातात अजिबात नको. रुळांच्या कडेला उभं राहून हातावर फटका मारणारे टपलेलेच असतात, आणि फोन वाचवायच्या धडपडीत माणसाचा तोल जातो. प्लॅटफॉर्मवर, पुलाच्या जिन्यावर, स्टेशनाबाहेर रिक्षांच्या गर्दीत कान उघडे. रूळ ओलांडायचे नाहीत हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण कानात गोष्ट असताना ‘आज एकदाच’ म्हणणारी माणसं हॉर्नही ऐकत नाहीत.

पैशांचं. भावाने दिलेली वर्गणी वाया गेलेली नाही, अजून नऊ महिने आहेत. रोज सकाळचा तासभर धरला तर आठवड्याला पाच-सहा तास होतात. मध्यम आकाराची कादंबरी दोन आठवड्यांत निघते. आठ-दहा तासांची पंधरा-अठरा पुस्तकं तरी होतील, तेवढी लग्नानंतर तुम्ही कधी वाचली होती? दुसरं ॲप लगेच घेऊ नका. मराठीचा साठा कुठे किती आहे ते आधी बघा. स्वीडनची स्टोरीटेल २०१७ साली भारतात आली तीच इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊन, त्यामुळे तिथे मराठी कपाट भरलेलं आहे; इतर ठिकाणी मराठी कधी भरपूर, कधी नावापुरती. ऑडिओबुक आणि ऑडिओ मालिका यांतला फरकही ध्यानात ठेवा. काही ॲपवरच्या मालिका शेकडो भागांच्या असतात, प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तुटतो आणि पुढचा उघडायला पुन्हा पैसे पडतात. त्यात मजा नाही असं नाही, पण ती संपत नाही. तुमच्यासारखीला, जिला आधीच अर्धवटाचा सल आहे, शेवट असलेली पुस्तकंच बरी.

रात्री घरच्या वायफायवर दुसऱ्या दिवसाचं उतरवून ठेवा. साध्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला (६४ केबीपीएस) तासाभराचं ऐकणं जेमतेम ३० एमबीचं असतं, पण रेंज गेली की नेमकं वृषाली बोलायला लागतानाच चक्र फिरत बसतं.

यूट्यूबवर नव्या कादंबऱ्या सबंध वाचून टाकलेल्या दिसतील, त्या बहुधा लेखकाला किंवा वारसांना न विचारता टाकलेल्या असतात. तिकडे जाऊ नका. आपल्या कायद्याने लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यानंतर ते पुस्तक कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, साने गुरुजी १९५०मध्ये. त्यांची पुस्तकं फुकट ऐकताना मनात खोट ठेवायचं कारण नाही.

आणि साने गुरुजींवरून सासूबाई. त्यांना ‘श्यामची आई’ लावून द्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक रचलंच आहे सांगण्याच्या रूपात: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. एका बैठकीला एक रात्र, संपली की आपोआप थांबायची जागा. गाडीत मात्र तुम्ही ते ऐकू नका, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नसतो. सासूबाईंना फोन हाताळायला लावू नका. मोठ्या बटणांचा छोटा ब्लूटूथ स्पीकर देवघराशेजारी ठेवा आणि त्यांच्या दुपारच्या चहाच्या वेळी नातवंडाकरवी सुरू करून द्या. कानात घालायचं काही दिलंत तर त्या घालणार नाहीत, आणि घातलं तर तुमचं टोपणनाव त्यांना लागू होईल. आधी पोथीने सुरुवात करा म्हणाल्या तर पोथीने करा. भावाच्या ॲपवर त्यांच्यासाठी वेगळं प्रोफाइल उघडता येतंय का ते तेवढं आजच बघून घ्या, नाहीतर कर्णाच्या जागी एकनाथी भागवत उघडेल आणि तुम्ही डोंबिवलीच्या गर्दीत बटणं शोधत बसाल.